पश्चिमेची गॅलरी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूर तालुक्यात महामार्गालगतच्या गावांमध्ये आता तीन-तीन मजली इमारती उभ्या राहताहेत. परवापर्यंत पऱ्हाटी असलेल्या वावरात पाया खोदला जातो आणि बघता बघता तिथं जिना, पार्किंग, पाण्याची टाकी आणि घरागणिक एकेक गॅलरी तयार होते. शिक्षक, बँकेतली माणसं, हिंगणघाट-नागपूरला रोज जाणंयेणं करणारी कुटुंबं आणि गावातलं जुनं घर भावाभावांच्या वाटणीत गेल्यावर मुलांकडे राहायला आलेले म्हातारे आईबाप, असे आम्ही सगळे इथं राहतो. सांदवाडी, म्हणजे घरामागचं आवार, मागे सुटली, छपरी सुटली, अंगण सुटलं. त्या सगळ्यांचं काम आता दहा फूट लांब आणि चार फूट रुंद गॅलरीनं करायचं आहे.

पर्यावरणाला धरून गॅलरी कशी करावी, असं मला बरेच जण विचारतात, आणि विचारतात ते बहुतेक जुलैमध्ये. तेव्हा सगळीकडे हिरवं असतं, रोपवाटिकेतली रोपं टवटवीत असतात, पाण्याची चिंता कुणाला नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की विदर्भातल्या गॅलरीचा विचार मे महिन्यापासून सुरू करावा. जे मे महिन्यात तगतं, मे महिन्याच्या पाण्यात भागतं आणि मे महिन्यात घराला थंडावा देतं, ते बारमाही ठेवावं. बाकी सगळं हंगामापुरतं.

त्यासाठी आधी ऊन समजून घ्यायला हवं. आपण साडेवीस-एकवीस अंश उत्तर अक्षांशावर राहतो. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. आपल्याकडे २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, बसतो, तो याच दिवसांत. पुढे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, मग पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे सरकतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये फारसं ऊन येत नाही, वरच्या मजल्याचा स्लॅबच ते अडवतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य जेमतेम ४६ अंश वर चढतो आणि हीच गॅलरी उन्हानं भरून जाते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, भाजीला याहून चांगली जागा नाही. दक्षिण अशुभ म्हणून जे लोक असा फ्लॅट नाकारतात त्यांना मी हे आवर्जून सांगते. पूर्वेची गॅलरी सोपी, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन नसतं, तिथं सावलीतली झाडं लावावीत.

आमच्या वाट्याला आली ती पश्चिमेची. पश्चिमेच्या उन्हाला वरचा स्लॅब अडवू शकत नाही, कारण दुपार कलली की ते समोरून, आडवं आत येतं. पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि दोनपासून मावळेपर्यंत फरशी, कठडा, भिंत सगळं तापत राहतं. सिमेंट-काँक्रीट ही उष्णता पोटात साठवतं आणि रात्री हळूहळू सोडतं. रात्री जेवणं आटोपून भिंतीला टेकावं तर पाठ पोळते. आतल्या खोलीतला कुलर मग ती भिंत गार करण्यातच रात्र काढतो. म्हणून पश्चिमेच्या गॅलरीत पहिलं काम सावलीचं, कुंड्यांचं नंतर.

सावली भिंतीच्या बाहेर हवी. खिडकीच्या आत जाड पडदा लावला तर ऊन काचेतून आत आल्यावर अडतं, उष्णता घरातच राहते. गॅलरीच्या कठड्याबाहेरच ऊन अडवलं तर भिंत तापतच नाही. सेवाग्रामला बापू कुटीत हे नीट बघायला मिळतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथं, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू म्हणजे मातीची कौलं आणि खालपर्यंत उतरलेलं वळचण. भर दुपारी त्या वळचणीखाली उभं राहिलं की भिंतीवर ऊन पडतच नाही हे डोळ्यांना दिसतं. आमच्या गावातल्या जुन्या घरांच्या छपऱ्याही तशाच होत्या. फ्लॅटला वळचण नसतं, ते आपण करून घ्यायचं.

मी त्यासाठी बांबूचा तट्टा निवडला. हिरवी जाळी बाजारात स्वस्त मिळते आणि बसवायला सोपी, पण साधी जाळी आपल्या उन्हात काही वर्षांत कडक होऊन तुटायला लागते आणि तिचे प्लॅस्टिकचे तुकडे खालच्या नालीत जातात. बांबू इथलाच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला, तेव्हापासून विदर्भातल्या बांबूकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. नीट तोडलं तर बेट दर वर्षी नवे कोंब देतं. आमच्या आठवडी बाजारात एक बुरड दादा बसतात. मी मापं सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "ताई, वावधान सुटलं तं हे कशानं धरून ठेवान?" प्रश्न अगदी बरोबर होता. मृगाआधीच्या वादळात दुसऱ्या मजल्यावरचा तट्टा उडून रस्त्यावर पडला तर कुणाचा जीव जाईल. त्यांनी दोन-दोन फुटांचे पाच तुकडे विणून दिले, मध्ये वारा जायला फट ठेवली आणि प्रत्येक तुकडा कठड्याच्या सळईला चार ठिकाणी बांधता येईल असे सुतळीचे फास केले. पट्ट्या पाण्यात मुरवलेल्या होत्या, म्हणजे लवकर घुण लागत नाही. आभाळ भरून आलं की तुकडे सोडून आत घ्यायचे, दोन मिनिटांचं काम.

तुकडे वेगळे असण्याचा आणखी एक फायदा आमच्या आईंनी दाखवून दिला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं सगळं आयुष्य वावरात आणि सांदवाडीत गेलं. तट्टे लागल्यावर त्या म्हणाल्या, "सावली झाली बाई, पण वड्या कुठं वाळवाच्या?" खरंच होतं. मुगाच्या वड्या, कुरडया, सरगुंडे, मिरच्या, हळकुंडं हे सगळं उन्हावरच होतं आणि त्याला विजेचा एक पैसा लागत नाही. शहरातल्या गॅलऱ्यांच्या चित्रांत कुठंही वाळवण दिसत नाही. माझ्या दृष्टीनं वाळवणाची जागा नसलेली गॅलरी आपल्याकडे अपुरी आहे. म्हणून उत्तरेकडच्या टोकाचे दोन तट्टे दुपारी काढता येतात, तेवढ्या चार फुटांत बाज टाकायची, तिच्यावर जुनं धोतर आणि धोतरावर वड्या. त्या चार फुटांत कुंडी ठेवायची नाही, हे ठरलेलं आहे. कपड्यांच्या दोऱ्याही तिथंच.

वजनाचं थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या बांधकाम मानकाप्रमाणे राहत्या घराची गॅलरी चौरस मीटरला किमान ३०० किलो भार धरून बांधायची असते. बांधकाम मानकाप्रमाणेच झालं आहे असं मात्र धरून चालू नये. वीस लिटरची कुंडी ओल्या मातीसकट तीस-पस्तीस किलो भरते. जड कुंड्या भिंतीच्या बाजूला, हलक्या कठड्याकडे, आणि कठड्यावर तर काहीच नाही. खाली लेकरं खेळतात.

मातीवर मात्र मला जास्त बोलायचं आहे. आपल्याला वाटतं, आपली काळी माती म्हणजे सोनं, तीच कुंडीत भरावी. आईंनी वावरातून घमेलंभर आणलीही होती. वावरात ती सोनंच आहे. कुंडीत काय होतं ते बारकाईनं बघा. मे महिन्यात एखादा दिवस पाणी चुकलं की माती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. कडेला बोटभर रुंद फट पडते. संध्याकाळी वरून पाणी ओतलं की ते मातीत मुरायच्या आधी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बुडाच्या भोकातून बाहेर येतं. बशी भरलेली दिसते, आपल्याला वाटतं झाड प्यायलं. बोट घालून बघितलं तर मधला गोळा विटेसारखा कोरडा. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते, हा तिचा स्वभाव आहे. वावरात भेगा पडल्या तरी मुळं खोल गेलेली असतात. कुंडीत मुळांना जायला जागा कुठली?

तर काळी माती एक भाग घ्यावी, पाणी निचरायला तेवढंच काहीतरी भरड आणि दोन भाग कुजलेलं खत. भरड म्हणजे रेती, असं सगळे सांगतात. पण वणा नदीच्या पात्रातून किती रेती उचलली जाते हे आम्ही रोज टिप्पर मोजत बघतो, म्हणून मी ती घेत नाही. गावात जुनी घरं पाडली जाताहेत, कवेलूंचे ढीग उकिरड्यावर पडलेले असतात. कवेलू कुटून केलेला चुरा रेतीचं काम चांगलं करतो, शिवाय थोडं पाणी धरूनही ठेवतो. खतासाठी कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. सोयाबीनची मळणी झाली की धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर कुटाराचे ढीग लागतात आणि पुष्कळ ठिकाणी ते सरळ पेटवून देतात. आमच्या गॅलरीतून तो धूर दिसतो. त्याच वेळी गावच्या कृषी केंद्रात केरळ-तामिळनाडूकडून आलेल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवलेल्या असतात. मला याचं फार वाईट वाटतं. ओळखीच्या शेतकऱ्याला पेटवायच्या आधी सांगून ठेवलं तर दोन पोती कुटार तो आनंदानं देतो, पैसेही घेत नाही.

त्या कुटारातच स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरतो. दर अक्षय तृतीयेला आपण नवी घागर, नवा माठ आणतो, जुना टाकून देतो. जुन्या माठाच्या बुडाला आणि अंगाला भोकं पाडून घेतली की खताचं भांडं तयार. भाजीचे देठ, साली, चहाची पत्ती यांचा एक थर, त्यावर तेवढाच कुटाराचा थर, मूठभर जुनं शेणखत. वास यायला लागला तर ओल जास्त झाली असं समजावं आणि कुटार वाढवावं. अडीच-तीन महिन्यांत माठ निम्म्यावर येतो आणि हाताला भुसभुशीत काळं खत लागतं. दोन माठ ठेवले तर एक भरेपर्यंत दुसरा तयार होतो. आमच्या घरातून घंटागाडीत आता फक्त सुका कचरा जातो. जीवामृतही करता येतं, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते घराघरांत पोचवलं आहे. पण शेण-गोमूत्र आंबवण्याचं काम शेजाऱ्यांच्या खिडकीपासून चार फुटांवर करू नये असं मला वाटतं. ते वावरात करावं आणि बाटलीभर घरी आणावं.

आता पाणी. मे महिन्यात एका मध्यम कुंडीला रोज लिटर-दीड लिटर पाणी लागतं. वीस कुंड्या म्हणजे वीस ते तीस लिटर. ज्या गावात नळ दोन-तीन दिवसांआड येतो आणि पलीकडच्या वस्तीत बाया टँकरची वाट बघत उभ्या असतात, तिथं हे पाणी पिण्याच्या पाण्यातून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही. म्हणून हिशेब उलटा करायचा. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी रोज किती निघतं ते बादलीत साठवून बघावं. आमच्या घरी आठ-दहा लिटर निघतं. तेवढ्या पाण्यावर मे महिन्यात जगतील तेवढ्याच कुंड्या बारमाही.

कुलरचं उरलेलं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालावं असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडे तो जपून घ्यावा. बोअरचं पाणी मुळातच क्षाराचं. आरओ त्यातले क्षार काढून वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो, आणि कुलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीत उरतात. ते पाणी रोज घातलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं करपतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्या पाण्यानं फरशी पुसावी, जिना धुवावा, संडासात टाकावं. एसी असेल तर त्याचं गळणारं पाणी मात्र झाडांना चालतं, ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार नसतात.

आहे ते पाणी पुरवायला मडकी फार उपयोगी पडतात. कुंभार दादांकडून बिनरंगाची, बिनलेपाची लहान मडकी आणली. "शोभेची नको का, रंगवलेली?" त्यांनी विचारलं. रंगानं मातीची छिद्रं बुजतात, मग पाणी पाझरत नाही, म्हणून साधीच पाहिजे असं सांगितल्यावर त्यांनी भट्टीतली थोडी कच्ची भाजलेली निवडून दिली. मडकं कुंडीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर पणती उपडी घालायची. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असेल तर पाणी आतच राहतं. वरचा थर कोरडा राहतो म्हणून उडून जाणारं पाणी वाचतं, आणि पणतीमुळे डास अंडी घालत नाहीत. वरच्या मातीवर दोन बोटं जाड कुटार पसरलं की मे महिन्यातही तीन दिवसांआड भरून भागतं. क्षारांनी वर्ष-दोन वर्षांत मडक्याची छिद्रं बुजतात, तेव्हा ते फोडून त्याचा चुरा मातीत.

कुंड्यांखालच्या बशांमध्ये मी रेतीऐवजी तोच कवेलूचा चुरा भरते. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि डेंग्यू आता गावोगाव आहे. शिवाय खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळत नाही. शेजार सांभाळणं हाही पर्यावरणाचाच भाग आहे.

बारमाही झाडं मोजकी: गोडलिंब (कढीपत्ता), तुळस, गवती चहा, कोरफड, अडुळसा आणि मोगरा. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुलतो, त्याला मे महिन्याची तक्रार नसते. बाकी हंगामाप्रमाणे. मृग लागला की तट्ट्यांवर बरबटी (चवळी) आणि दोडकं चढवायचं, पावसाळ्यात त्यांना वरून पाणी लागत नाही आणि उघडीप पडली की पश्चिमेच्या उन्हाला पानांचा आडोसा होतो. दसऱ्यापासून सांबार (कोथिंबीर), पालक, मेथी, एखादं वांगं. होळीपर्यंत ते सगळं आटोपतं.

सगळ्यांत जास्त जीव माझा हळदीवर आहे. आमच्याच तालुक्यातल्या वायगावची हळद, भौगोलिक मानांकन मिळालेली. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बेणं लावायचं, अर्धवट सावलीत ती छान वाढते. पानं वाफवायला, पातोळ्यांना कामी येतात. जानेवारीत पानं पिवळी पडून वाळतात, फेब्रुवारीत कुंडी उपडी केली की कांड्या हाती येतात. पुढचे तीन महिने तिला पाण्याचा थेंब लागत नाही, बेणं कोरड्या जागेत पडून राहतं. आपल्या हवामानाला इतकं जुळवून घेणारं कुंडीतलं पीक मला दुसरं माहीत नाही. बेणं आईंच्या माहेरच्या नात्यातून आलं. लावताना आईंनी प्रत्येक कांडीचा डोळा वरच्या बाजूला आहे का ते अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि मगच माती लोटली.

एप्रिल-मेमध्ये मग निम्म्या कुंड्या रिकाम्या असतात. भेटायला येणाऱ्यांना ते उजाड वाटतं. वावरही उन्हाळ्यात रिकामं असतं, नांगरून तापत पडलेलं असतं, त्याला कुणी उजाड म्हणत नाही. रिकाम्या कुंडीवर कुटार पांघरून ठेवलं की पुरे.

फवारणीच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. घरची कर्ती माणसं गेली. ज्या औषधांनी मोकळ्या वावरात माणसं मेली, ती चार फुटांच्या बंदिस्त गॅलरीत, वाळणाऱ्या वड्यांशेजारी आणि लेकरांच्या श्वासाजवळ आणायची नाहीत. जून-जुलैमध्ये कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवायच्या. एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि ऊन उतरल्यावर मारायची. मावा, पांढरी माशी आटोक्यात राहते. एखादा वेल तरीही गेला तर जाऊ द्यावा. चार दोडकी कमी मिळाल्यानं काही बिघडत नाही.

बाकी सौर दिव्यांच्या माळा, कृत्रिम गवत, लोखंडी झुले, लटकती प्लॅस्टिकची कुंडी यांवर मी पैसे खर्च केले नाहीत. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे पिपे आणि बियाण्याची पोती कुंड्या म्हणून चांगली चालतात. पत्र्याला मात्र पश्चिमेच्या उन्हात बारदाना गुंडाळावा, नाही तर मुळं शिजतात.

एवढं करूनही एक मोठं काम एकट्या गॅलरीनं होण्यासारखं नाही. आमच्या इमारतीची गच्ची साधारण शंभर चौरस मीटर. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला आणि थोडं वाया गेलं असं समजलं, तरी गच्चीवरून दर पावसाळ्यात ऐंशी हजार लिटर पाणी पाइपांतून रस्त्यावर जातं, आणि त्याच इमारतीचा बोअर एप्रिलमध्ये गचके द्यायला लागतो. पाइप वळवून, गिट्टी-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून ते पाणी बोअरशेजारी जिरवायचं आणि एका पाइपाला ड्रम जोडून गॅलऱ्यांसाठी ठेवायचं, असा प्रस्ताव मी मांडला आहे. तळमजल्यावरचे गुरुजी आणि खालच्या काकू खर्चाचा वाटा द्यायला तयार आहेत. खड्डा पार्किंगमधली एका गाडीची जागा घेईल, त्यावरून काहींची हरकत आहे. रोहिणी लागायच्या आत त्या सगळ्यांच्या घरी जाऊन बोलायचं आहे, आणि बोलायला जाताना मी बोअरचं एप्रिलमधलं वीजबिल सोबत नेणार आहे.